दमट हवा, तापलेली डिकी आणि पेंटबॉल पिस्तूल

नळीत रंगाने भरलेले बॉल फुटायला लागले की लोक आधी पिस्तूल उघडायला घेतात. आधी बॉल तपासा. त्याचं कवच जिलेटिनचं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. जुलैत खाडीकाठच्या ऐरोलीत किंवा कोलशेतला पाकीट दोन दिवस उघडं राहिलं, तर बॉल फुगतो, मऊ पडतो आणि नळीत अडकतो. म्हणून हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा घरातल्या सावलीत. फ्रिजमध्ये नको, थंडीने कवच ठिसूळ होतं. भरलेलं मॅगझिनही तसंच ठेवू नका. स्प्रिंगच्या दाबाखाली बॉल चपटे होतात.

नळी निघत असेल तर ती सुटी करून एक बॉल आत टाकून बघा. घरंगळत बाहेर आला तर सैल आहे, वेग कमी-जास्त होत राहील. अडकून राहिला आणि फुंकरीने सुटला तर जोडी जमली. ढकलावा लागला तर त्या पाकिटाचा नाद सोडा. नळी पिस्तुलाला जोडलेली असताना मात्र फुंकर मारायची नाही, गॅस असो वा नसो.

१२ ग्रॅमचं सीओटू काडतूस, म्हणजे दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी, बसवण्याआधी त्याच्या निमुळत्या तोंडावर पेंटबॉल तेलाचा एक थेंब टाका. काडतुसाला भोक पडलं की गॅसच ते तेल आतल्या सीलपर्यंत नेतो. सूं आवाज थांबत नसेल तर ओ-रिंग, म्हणजे गॅस अडवणारी रबरी कडी, सुकलेली किंवा चिरलेली असते. काडतुसाच्या खोबणीचं टोपण आणखी आवळून ती बरी होत नाही, बदलावी लागते. गंज सोडवणारा स्प्रे आत मारू नका. त्यातल्या सॉल्व्हंटने काही ओ-रिंगा फुगतात.

आता वेग. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, मग क्रोनोग्राफ, म्हणजे बॉलचा वेग मोजणारं यंत्र. .६८ इंची बॉलच्या पिस्तुलाला २८० फूट प्रतिसेकंद, म्हणजे साधारण ८५ मीटर, हा चांगला आकडा. ३०० च्या वर जायचंच नाही, आणि मैदानाची मर्यादा कमी असेल तर तीच पाळायची. वेगाचा स्क्रू असेल तर ॲलन कीने पाव फेरा फिरवा, तीन-चार बॉल मारा, आकडे वाचा, मग पुढचा पाव फेरा. कुठल्या बाजूला फिरवल्यावर वेग वाढतो हे मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअल उघडा.

हा आकडा सकाळी लावून दिवसभर विसरता येत नाही. सीओटू सुमारे ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही आणि तिथून भरलेल्या काडतुसातला दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात सकाळी सातला जुळवलेलं पिस्तूल दुपारी बाराला मर्यादा ओलांडू शकतं. ऊन चढलं की पुन्हा क्रोनोग्राफ. घोडबंदरच्या कोंडीत उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसं तर अजिबात नकोत.

उलटाही प्रकार होतो. धडाधड ट्रिगर ओढला की द्रव सीओटू उकळताना काडतूस गार पडतं, दाब उतरतो आणि बॉल आधीच खाली येतो. स्प्रिंग गेली असं वाटतं, पण अर्धं मिनिट थांबलं की बहुतेक वेळा पिस्तूल पूर्ववत होतं.

बॉल आत फुटलाच तर नळीवर कव्हर चढवा, मॅगझिन काढा, मग स्क्वीजी, म्हणजे नळी आतून पुसायचं साधन, ओढा. रंग पाण्यात विरघळतो. घरी आल्यावर सुटी नळी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. आत राहिलेला रंग सुकून चिकट थर होतो आणि त्यावर पुढचा बॉल फुटतो.

शेवटी उरलेला गॅस मोकळ्या, सुरक्षित दिशेला रिकामं पिस्तूल चालवून संपवा, मग टोपण हळूहळू सैल करा, चेहरा बाजूला ठेवून. सूं आवाज आला तर थांबा, तो पूर्ण विरल्यावरच पुढे फिरवा. रिकामं काडतूस रात्रभर आत सोडलं तर सील दबून त्याच आकाराचं होतं. ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि पिस्तूल केसमध्ये ठेवा. पावसाळ्यात तिथेही एक सिलिका पुडी टाका, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत आतल्या पोलादी स्प्रिंगवर तांबूस डाग दिसू लागतात.