भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

नोव्हेंबरात भिगवणला जाऊन 'फ्लेमिंगो (म्हणजे रोहित) दिसलेच नाहीत' म्हणत परतणारे बरेच असतात. पावसाळ्यानंतर उजनी धरणाचं पाणी काठोकाठ असतं आणि रोहितला चरायला उथळ पाणी लागतं. पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की थवे येतात, म्हणून जानेवारी ते मार्च धरा. पट्टकादंब हा हंस आणि चक्रवाक, थापट्या ही बदकं मात्र डिसेंबरातही भेटतात.

१. होडी आदल्या दिवशीच ठरवा. कुंभारगाव आणि डिकसळला मच्छीमारांच्या होड्या मिळतात. उजाडताना पाण्यात असायला हवं. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी कितीही नीट फोकस केला तरी पुसट येतो. दोष लेन्सला दिला जातो, असतो हवेचा. अशा वेळी फक्त जवळचे पक्षी टिपा.

२. कॅमेरा काठावरच लावून घ्या. ४०० ते ६०० मिमीची लेन्स पुरते. ट्रायपॉड नको, होडीबरोबर तोही हलतो. चरणाऱ्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००. अ‍ॅपर्चर एफ ६.३ ते ८, आयएसओ ऑटो, फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे फिरत राहणारा. गडद पाण्यासमोर पांढरा रोहित असला की कॅमेरा सगळंच चित्र उजळवतो आणि पिसांचा तपशील जातो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ करा. तोच पक्षी उजळ आकाशात उडाला की काळपट येतो, तेव्हा अधिक ०.७ ते १. हे बदलायचं चाक न बघता फिरवता आलं पाहिजे, कारण उड्डाण सांगून होत नाही.

३. थव्यावर सरळ चाल करू नका. सूर्य पाठीशी घेऊन तिरपं जा. साधारण १०० मीटर अलीकडे इंजिन बंद करायला सांगा, पुढे वल्ह्यानं किंवा बांबूनं. माना ताठ झाल्या, चरणं थांबलं, थवा दाटून एकाच दिशेनं चालू लागला, तर होडी तिथेच थांबवा. पक्षी पुन्हा चोच पाण्यात घालेपर्यंत हलायचं नाही. मुद्दाम उडवून काढलेला फोटो लगेच ओळखू येतो: सगळ्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे!

रोहित वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर धावत उडतो. सकाळी वारा पूर्वेचा असेल तर सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी येतात आणि धावणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून असतो. हा योग साधला तर होडी हलवू नका.

४. पुढे काय होणार ते ओळखा. रोहित डोकं उलटं करून चोचीनं पाणी गाळतो, तेव्हा फोटोत नुसती मान येते. डोकं वर काढून पाणी निथळतं तो क्षण धरा. पायांनी चिखल ढवळत तो स्वतःभोवती फिरतो, तेव्हा पाय आणि प्रतिबिंब दोन्ही चौकटीत घ्या. थापट्या घोळक्यानं गोल गोल फिरत चरतात; तिथे १/२५० वर काही फ्रेम काढून बघा, पाण्याची गती दिसते. पट्टकादंब उडण्याआधी डोकी झटकून ओरडू लागतात, झूम लगेच मागे घ्या. नदी सुरय (मासे पकडणारा पाणपक्षी) हवेत एका जागी फडफडत खाली बघू लागला की तिथेच फोकस पकडा, सूर मारल्यावर तो सापडणं अवघड. दलदल ससाणा हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून अगदी खालून उडत येताना दिसला तर कॅमेरा बदकांकडे वळवा. पाण्यावरची सगळी एकदम उठतात.

कुरवांना (सीगल) शेव-फरसाण टाकून होडीभोवती जमवायची पद्धत काही ठिकाणी आहे. ते त्यांचं खाणं नव्हे, आणि त्या फोटोत वागणूक अशी काही उरत नाही, नुसत्या उघड्या चोची येतात. होडीत बसण्याआधीच नावाड्याला 'नको' सांगून ठेवा.