लहान फुटबॉल मैदानाच्या सुरक्षेसाठी सरकारी निधी कसा मिळवावा

अर्ज लिहायला बसण्याआधी मैदानाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. फाइल बहुधा इथेच अडते. जागा नाशिक महापालिकेची असेल तर तुमच्या क्रीडा मंडळाने मागणीपत्र देऊन पाठपुरावा करायचा. काम पालिकाच करणार. जागा शाळेची किंवा संस्थेची असेल तर मालकीचा अथवा भाडेपट्ट्याचा कागद, नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल आणि कार्यकारिणीचा ठराव जोडा. ‘वीस वर्षं आम्ही इथेच खेळतो’ एवढ्यावर निधी मिळत नाही.

मग टेप घेऊन मैदानावर जा. पहिली नजर गोलपोस्टवर. मोठ्या गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर, एवढा लोखंडी सांगाडा जमिनीत पक्का नसेल तर आडव्या दांडीला मूल लोंबकळलं की तो पुढे उलटतो आणि डोक्यात बसतो. वेल्ड तुटलेत का, खांब तळाशी गंजलेत का, तेही पाहा. प्रत्येक दोषाचा फोटो काढा, शेजारी माप लिहा.

कुंपणाचा हिशेब काटेकोर हवा. मैदान १०० बाय ६४ मीटरचं धरा. धावत आलेल्या खेळाडूला थांबायला चारही बाजूंना निदान ३ मीटर मोकळे सोडले तर कुंपण १०६ बाय ७० होतं, म्हणजे घेर ३५२ मीटर. त्यातून ४ मीटरची दोन फाटकं वजा केली की जाळी ३४४ मीटर. दर ३ मीटरला एक धरल्यास खांब सुमारे ११५. फाटकाची रुंदी कमी करू नका, रुग्णवाहिका आत यायला हवी. जाळीची कापलेली टोकं वर उघडी राहिली तर हात फाटतात. ती खाली वळवायची हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या. जमीन काळी असेल तर खांबाचा खड्डा मुरमापर्यंत न्यायला सांगा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांब दोन पावसाळ्यांत कलतो.

अंदाजपत्रक अभियंत्याकडून, शासनाच्या चालू दरसूचीप्रमाणे, बाबनिहाय करून घ्या. ‘मैदान सुरक्षा, एकरकमी’ असं लिहिलेलं परत येतं.

मागायचं कुठे? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदान योजनेची चौकशी आधी करा. दुसरी वाट आमदारांच्या स्थानिक विकास निधीची, तिसरी खासदारांची. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, पण त्यातून टिकाऊ आणि लोकांना खुली असलेली कामंच होतात. शिफारसपत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी हुकूम. तो हातात येण्याआधी एक खांबही रोवू नका; आधी केलेला खर्च सहसा मंजूर होत नाही. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन मंजुऱ्या थांबतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची वाट न पाहता आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्या.

स्पर्धेपुरत्या बांबू-फळ्यांच्या गॅलरीचा खर्च यात घालू नका. मार्च २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सामना सुरू असताना अशीच तात्पुरती गॅलरी कोसळून कितीतरी प्रेक्षक जखमी झाले. पायऱ्या हव्याच असतील तर पक्क्या मागा, कमी मागा.

काम चालू असताना खांबाचे खड्डे काँक्रीट भरण्याआधी टेप लावून मोजा आणि फोटो ठेवा. शेवटचं देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) निघाल्यावर खड्डा किती खोल होता हे कुणालाच पाहता येत नाही.