टांगत्या कुंड्यांना ठिबकचं पाणी पोचत नव्हतं, ते असं सुटलं

टायमर लावून ठिबक बसवलं, तरी टांगत्या कुंड्या कोरड्या आणि खालच्या कुंड्यांत चिखल! ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या) दोनदा साफ केले, फरक पडला नाही. मग लक्षात आलं, दर मीटर उंचीला साधारण 0.1 बार दाब कमी होतो; शिवाय पाणी बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी खालच्या ड्रिपरमधून निथळत राहतं. साधे ड्रिपर काढून दाब सारखा ठेवणारे, पाणी थांबताच मिटणारे, ताशी 2 लिटरचे लावले. टांगत्या कुंडीत दोन-दोन.

कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळलं की पाणी कडेनंच निसटतं, म्हणून त्या कुंड्या आधी बादलीत बुडवून भिजवल्या. आता सकाळ-संध्याकाळ 10 मिनिटं पुरतात. नळाजवळ फिल्टर मात्र हवाच. पिटुनियाला नवी पालवी फुटली, फार बरं वाटलं.