वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकाची लिंक अर्ध्यात तुटते? हे करा

'सातारा जिल्ह्यातील किल्ल्यांची भटकंती' ही मालिका टाकताना प्रत्येक लेखाची लिंक 'किल्ल'च्या आसपास तुटायची. पुढच्या लेखांना नुसतं २, ३ असं शेपूट. थीम बदलली, प्लगइन बंद केले, पर्मालिंक पुन्हा सेव्ह केले. डोकं उठलं नुसतं.

कारण असं: स्लगची (लिंकमधला लेखाच्या नावाचा शेवटचा भाग) मर्यादा २०० अक्षरांची, आणि लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ९ जागा खातं. काना, वेलांटी वेगळी मोजायची! म्हणजे जेमतेम २२ चिन्हं.

लेख एडिटरमध्ये उघडा. उजवीकडे 'पोस्ट' टॅब, त्यात 'स्लग'. तिथलं सगळं पुसून रोमन लिपीत छोटं नाव लिहा (मी फक्त किल्ल्याचं घातलं), मग बदल सेव्ह करा. प्रकाशित लेखाची जुनी लिंक वर्डप्रेस आपणहून नव्या पत्त्यावर वळवतं. शीर्षक मराठीतच राहतं.