फ्रान्सच्या खेड्यात निवांत सायकल चालवायची तर रस्ता कसा निवडायचा

आमच्या रंकाळ्यावरच्या सकाळच्या ग्रुपात महिन्याभरात तिघांनी विचारलं की फ्रान्सला जायचंय, सायकल कुठं आणि कशी चालवायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. २०२७ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राईड आहे, बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारणारे त्याच्या तयारीत असतीलच, पण १२०० किलोमीटर ९० तासांत संपवायचे म्हटल्यावर आजूबाजूला बघायला सवड कुठली. मी सांगतोय ते वेगळं, दिवसाला ६०-७० किलोमीटर, मध्ये दोनदा थांबणं, आणि तासभरात चार गाड्या भेटल्या तर आज जरा गर्दी आहे असं वाटावं इतकी शांतता.

ही शांतता येते कुठनं ते आधी समजून घ्या, मग रस्ता शोधणं सोपं जातं. आपला कोल्हापूर जिल्हा ७६८५ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेत माणसं ३८ लाख ७६ हजार. तिकडं दक्षिणेला लोझेर म्हणून जिल्हा आहे, ५१६७ चौरस किलोमीटर, आणि माणसं साधारण ७६ हजार, म्हणजे एकट्या इचलकरंजीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीपण नाहीत. गेल्या शे-दीडशे वर्षांत खेड्यातली माणसं शहराकडं गेली पण रस्ते तिथंच राहिले, कारण तिथं जवळपास ३५ हजार कम्यून आहेत, आपल्या ग्रामपंचायतीसारखं समजा, आणि प्रत्येकाचे आपापले डांबरी रस्ते आहेत. पाच घरांच्या वाडीला पण डांबरी रस्ता. त्यावरनं दिवसात जाणार कोण तर पोस्टाची गाडी, एखादा ट्रॅक्टर आणि तुम्ही.

आता मुख्य काम, नकाशा. रस्त्याच्या नंबरापुढचं अक्षर बघायचं. ए म्हणजे ऑटोरूट, तिथं सायकलला बंदीच. एन म्हणजे नॅशनल, जायचं नाही. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि सी किंवा व्हीसी म्हणजे कम्यूनचा. आपला मुक्काम डी आणि सी वर. पण डी मध्ये एक गोम आहे आणि तिथंच नवीन माणूस फसतो. साधारण तीन आकडी नंबरचा डी रस्ता शांत असतो हे खरं, पण २००६ मध्ये सरकारनं बरेच जुने नॅशनल रस्ते जिल्ह्यांकडं दिले आणि त्यांना पण डी नंबर लागले, बऱ्याचदा ९०० च्या पुढचे नाहीतर हजाराच्या पुढचे. नाव डी पण ट्रक सगळे तेच. मी पहिल्या वेळी फोनमधल्या ॲपनं दाखवला तो सगळ्यात जवळचा रस्ता धरला आणि दोन तास कंटेनरच्या वाऱ्यात काढले, आणि नकाशात बघितलं तर अर्ध्या किलोमीटरवर समांतर एक छोटा रस्ता पूर्ण मोकळा होता. त्या दिवसापासनं मी आधी कागदाचा नकाशा बघतो, मग जीपीएसमध्ये रूट घालतो.

कागदाचा म्हणजे मिशेलिनचा, १ सेंटिमीटरला दीड किंवा दोन किलोमीटरवाला. त्यात लाल रस्ता म्हणजे मोठा, पिवळा म्हणजे मधला, पांढरा म्हणजे सगळ्यात बारीक. पांढऱ्याला पांढरा जोडत जायचं, पिवळ्यावर अगदी गरज असेल तेवढंच, आणि लाल फक्त ओलांडायला. रस्त्याच्या कडेनं हिरवी रेघ असेल तर तिथलं दृश्य बघण्यासारखं. रस्त्यावर बाणासारखी खूण असते ती चढाची, एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण त्याच्या वर. पन्हाळ्याचा चढ नेहमी मारत असाल तर एका बाणाला घाबरायचं कारण नाही, पण सामान लादलेल्या सायकलवर दिवसातनं तीन बाणवाले दोन चढ आले तर रूट बदला, मी बदलतो. आणखी एक युक्ती, नकाशात बघायचं की तुमच्या पांढऱ्या रस्त्याला समांतर लाल रस्ता किंवा ऑटोरूट आहे का. असला तर उत्तम, घाईतली सगळी वाहनं तिकडनं जातात. पण दोन मोठ्या गावांना जोडणारा एकच रस्ता असला तर तो कितीही बारीक दिसू दे, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाच-सहाला कामावर जाणारे-येणारे त्यावरच असणार.

वेळेचं गणित पण असंच आहे. दुपारी १२ ते २ अख्खा देश जेवायला बसलेला असतो, रस्ते चिडीचूप. चालवायला सोन्यासारखी वेळ, पण त्याच वेळी खेड्यातली दुकानंपण बंद, म्हणून बाराच्या आत बेकरीतनं ब्रेड आणि चीज घेऊन ठेवायचं. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर हमखास काहीतरी बंद. आपल्याकडं कुठल्याही फाट्यावर टपरी असते, वडा-चहा मिळतोच, ती सवय तिथं उपाशी ठेवेल. मी शेंगदाण्याची चटणी डबीत नेतो, ब्रेडला लावून खायला तिच्यासारखं काही नाही.

पाण्याचं मात्र एक गुपित आहे, गावाबाहेरची दफनभूमी. फुलांना पाणी घालायला तिथं नळ असतो आणि तो बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचाच असतो. नळावर 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर प्यायचं नाही. आत जाताना टोपी काढून, आवाज न करता जायचं, बाटली भरायची, निघायचं. कडक उन्हात मला या नळांनी कितीदा तरी तारलंय.

नियम थोडेच आहेत पण पाळायचे. उजवीकडनं चालवायचं, हे डोक्याला कळतं पण सकाळी झोपेतनं उठून मोकळ्या रस्त्याला लागलं की हात आपोआप डावीकडं जातो, म्हणून पहिले चार दिवस हँडलला चिकटपट्टीचा बाण लावा. खेड्यात पाटी नसेल तिथं उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही बारीक असो. घंटी आणि पुढं-मागं लाईट लागतात, गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं, इअरफोन घालून चालवायला २०१५ पासनं बंदी. गाडीवाल्यानं गावाबाहेर ओव्हरटेक करताना सायकलपासनं दीड मीटर अंतर ठेवायचं हा कायदा आहे, आणि खेड्यातला ड्रायव्हर ते बहुतेक पाळतो, वळणावर मागं गप उभा राहतो, हॉर्न मारत नाही. पहिल्यांदा मागनं गाडी आलीय हेच कळत नाही, म्हणून अधूनमधून मागं बघत जा.

पाट्यांमधली 'ग्राव्हियों' ही एक पाठ करा. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी पसरून ठेवतात, गाड्यांनी ती दबून बसायची असते, पण ज्या रस्त्यावर गाड्याच नाहीत तिथं ती आठवडे सुटीच राहते. उतारावर ही पाटी दिसली की आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर लावा, २३ चे घरी ठेवा.

लहान मुलं बरोबर असतील किंवा गाडी अजिबात नको असेल तर 'व्हा व्हेर्त' शोधा, जुन्या रेल्वेलाईनवर नाहीतर कालव्याच्या काठानं केलेले सायकलचे रस्ते. पहिला १९९७ ला बर्गंडीत झाला, जिव्री ते क्लुनी, रेल्वेचा मार्ग असल्यामुळं चढ जवळपास नाहीच. तिथंच जवळ निव्हर्ने कालवा आहे, ओसेर ते दसीझ १७४ किलोमीटर, पहिल्यांदा जाणाऱ्यानं मी म्हणेन इथनंच सुरुवात करा. कनाल द्यु मिदीचं नाव सगळे घेतात, १६८१ ला सुरू झालेला कालवा, बघण्यासारखा आहेच, पण त्याच्या काठाचा बराचसा रस्ता कच्चा आणि मुळांनी उचललेला आहे, रोड बाईकला तो त्रासाचा. पाय तयार झाले की मग क्रूझ, लोट, कांताल हे जिल्हे, आणि शेवटी लोझेर, तिथं सपाट असं काही नाही.

जायचे महिने मे, जून, सप्टेंबर. सप्टेंबरपासनं शिकारीचा सीझन असतो, तेव्हा झाडीतनं जाताना भडक रंगाचा शर्ट घाला. टीईआर म्हणजे तिथल्या छोट्या प्रादेशिक रेल्वेत सायकल बऱ्याच भागांत फुकट जाते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर बुकिंग लागतं, ते आधी बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासनं करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

आणि नकाशा वाचायची सवय इथंच करा. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या कुठल्या रस्त्यानं कारखान्याकडं जातात ते आपल्याला पाठ असतं, ते सोडून गावागावातनं गगनबावड्याकडं जायचा रस्ता मोबाईल न विचारता काढून बघा. माझ्याकडचे दोन मिशेलिनचे नकाशे, पेनानं रेघा मारलेले, या रविवारी सकाळी रंकाळ्यावर आणतो, कुणाला बघायचे असतील तर साडेसहाच्या आत या, नंतर आम्ही जोतिबाला निघतोय.