हार्ड डिस्क अडखळतेय? आधी हात आवरा

मागच्या पावसाळ्यात एक छापखानेवाले काका जुनी आयडीई (रुंद पट्टीच्या केबलनं जोडायची) हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. ८० जीबीची, मागे चाळीस पिनांची रांग, शेजारी मास्टर-स्लेव्हचा इवलासा जंपर. आत लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं आणि त्यांच्या वडिलांनी शेवटच्या वर्षात टाइप करून घेतलेल्या आठवणी. म्हणाले, "कालपर्यंत चालू होती हो. मी काहीच केलं नाही."

हे 'काहीच केलं नाही' मी आठवड्यातून चारदा ऐकतो. चहा येईपर्यंत खरं बाहेर आलं. डिस्क स्लो झाली म्हणून भाच्यानं चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम, लावली. ती अर्ध्यात अडकली, तर बटण दाबून मशीन बंद केलं आणि परत लावली. रात्रभर डिस्क तशीच चालू. सकाळी कुणीतरी सांगितलं म्हणून दोन तास फ्रीजरमध्ये, आईस्क्रीमच्या डब्याशेजारी.

आजारी डिस्ककडे मोजकेच तास उरलेले असतात. ते तास डेटा उतरवून घेण्यात घालवायचे, की ती दुरुस्त होते का हे बघण्यात, एवढंच आपल्या हातात असतं. बहुतेक लोक दुसरं निवडतात.

"परत एकदा लावून बघू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आत मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात आणि डेटा वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असतं. त्या फटीपुढे माणसाचा केस म्हणजे डोंगर. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी वीज दिली की ते चकतीवरचा चुंबकीय थर खरवडत जातं. खरवडलेला थर डेटा परत काढून देणाऱ्या कुठल्याच लॅबला परत चिकटवता येत नाही.

म्हणून आधी कान लावा. एका लयीत टक्-टक्-टक् आणि मग शांतता, म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये. वायर काढा आणि परत लावू नका. हे काम घरचं नाही, माझ्यासारख्या दुकानदाराचंही नाही. चकती फिरल्याचा आवाज नाही आणि नुसती बारीक पीं-पीं येतेय, तर हेड चकतीला चिकटलंय किंवा मोटर जाम आहे. हेही लॅबचंच काम. मात्र यूएसबीवर चालणारी छोटी डिस्क असेल, तर लॅबचा रस्ता धरण्याआधी एकदाच केबल बदला आणि सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतं आणि फिरायला सुरुवात करताना डिस्कला त्याहून जास्त लागतं. 'मेलेली' म्हणून आणलेली डिस्क कधीकधी नुसती उपाशी असते.

आवाजच नाही, हाताला थरथर नाही, अगदी दगड? तर घरातला ॲडॉप्टरांचा ड्रॉवर आठवा. मोठी एक्स्टर्नल डिस्क सहसा १२ व्होल्टची असते आणि लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरची पिन तिच्यात पुष्कळदा चपखल बसते. असं झालं असेल तर मला उलट हायसं वाटतं. डिस्कच्या सर्किट बोर्डवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो आणि चकत्यांना बहुतेक वेळा धक्काही लागत नाही. सोल्डरिंगचा चांगला हात असलेला माणूस अशी डिस्क डेटा काढण्यापुरती जागी करू शकतो.

इथे पुढची चूक होते. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची डिस्क आणायची आणि बोर्ड अदलाबदल करायचा. फार जुन्या डिस्कवर हे चालायचं. नंतरच्या बोर्डवर एका छोट्या चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या हेडची जुळणी लिहिलेली असते, म्हणून ती चिपही उचलून नव्या बोर्डवर बसवावी लागते. नुसता बोर्ड बदलून काम झालं, तर नशीब समजा.

चेकडिस्क डेटा वाचवत नाही

चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवणं. दुरुस्तीला लावली की ती त्याच डिस्कवर लिहिते. हिशेबात न बसणारे तुकडे बाजूला काढते आणि फाइल०००० सारख्या नावांनी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकते. चांगल्या डिस्कवर लाइट जाऊन गडबड झाली तर ती उपयोगाची आहे. खराब सेक्टर (न वाचता येणारे कप्पे) असलेल्या डिस्कवर ती त्याच दुखऱ्या जागेवर पुन्हापुन्हा डोकं आपटते.

विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारेल. नाही. 'इनिशियलाइझ करा' म्हणेल. तेही नाही. क्विक फॉरमॅट चुकून झालाच तर हात-पाय गाळू नका, बरंचसं परत मिळतं. पण व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो. त्यानंतर माझ्याकडे येऊ नका, चहा प्यायला या.

फ्रीजर, तांदूळ आणि स्क्रू ड्रायव्हर

गारठ्यानं धातू आकसून अडकलेला भाग कधीतरी सुटायचा, तिथून फ्रीजरचा उपाय पसरला. सांगलीच्या जुलैच्या हवेत थंडगार डिस्क बाहेर काढा आणि आंब्याच्या रसाच्या पातेल्यावर जमतं तसं पाणी तिच्यावर जमताना बघा. डिस्कला श्वासासाठी एक भोक असतं, दमट हवा तिथूनही आत जाते. काकांची डिस्क मी दोन दिवस कपाटात ठेवली, मगच वीज दिली.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर इथल्या लोकांनी भिजलेल्या डिस्क उन्हात वाळवल्या, तांदळाच्या डब्यात पुरल्या आणि मग चालू केल्या. गाळ वाळला की चकतीला घट्ट धरतो, मग फिरताना हेडची धूळधाण. पुरातली डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि तशीच लॅबला पाठवा. झाकण उघडून आत बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, चकत्या आरशासारख्या चकाकतात. पण खोलीतल्या हवेतला एक कण त्या फटीत पुरेसा आहे.

मग करायचं काय

डिस्क टकटकत नसेल, ओळखली जात असेल आणि फक्त अडखळत असेल, तरच पुढचं वाचा. विंडोज बाजूला ठेवा, ते डिस्क दिसली की स्वतःच चाळवाचाळव सुरू करतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजीची दुसरी सिस्टीम) चालवा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूनं अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या, निरोगी डिस्कवर उतरवा. हा प्रोग्राम मला शहाण्या शेतकऱ्यासारखा वाटतो: आधी सोपं रान काढून घेतो, खडकाळ पट्टा सोडून पुढे जातो, शेवटी त्याच्याकडे वळतो. कुठलं झालं, कुठलं राहिलं हे नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. कमांडमध्ये त्या फाइलचं नाव द्यायला मात्र विसरू नका.

आणि कुठून कुठे, हे तीनदा तपासा. दोन्ही डिस्क सारख्याच जीबीच्या असल्या की रात्री अकरा वाजता माणूस उलटी कॉपी मारतो. मी एकदा मारली आहे, माझ्या स्वतःच्या डेटावर, म्हणून सुटलो. तेव्हापासून लेबलवरचा सीरियल नंबर कागदावर लिहून स्क्रीनवरच्याशी ताडून बघतो.

काकांच्या डिस्कचे ७१ जीबी पहिल्या दीड तासात उतरले. उरलेल्यासाठी तीन रात्री गेल्या, मध्ये मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी लागली. आजारी डिस्क त्यानंतर डब्यात गेली, पुढचं सगळं प्रतिमेवर. टेस्टडिस्क या प्रोग्रामनं फोल्डरची रचना परत आली. जिथे रचनाच गेली होती तिथे त्याचा जोडीदार फोटोरेक चालवला. तो फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून तुकडे ओळखतो, पण नावं परत देत नाही. सापडलेलं कधीही त्याच डिस्कवर सेव्ह करू नका, न सापडलेल्यावर ते जाऊन बसतं.

वडिलांच्या आठवणींची फाइल उघडली आणि काकांचा चेहरा उतरला. पानभर विचित्र रोमन अक्षरं, कंस, खुणा. असल्या फायली करप्ट समजून फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून आलेल्या पद्धतीच्या) आधीचं मराठी असंच दिसतं, जोवर तो फॉन्ट मशीनमध्ये नाही. प्रतिमेतल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून डीव्हीबी-टीटी सुरेख हा त्यांचा जुना मराठी फॉन्ट काढला, बसवला, फाइल परत उघडली. काका पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायला लागले आणि मधेच थांबून चष्मा पुसला.

२००६ च्या दिवाळी अंकाची पानं मात्र नेमकी खराब पट्ट्यात होती. ती आली नाहीत. "तो अंक माळ्यावर आहे," काका म्हणाले, "छापलेला." मी स्कॅनर काढून ठेवलाय.