परदेशात शिक्षकाची नोकरी शोधताय? या चुका टाळा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आखातात आहे. कुणाचा भाऊ कुवेतला, कुणाचे मेव्हणे मस्कतला. त्यामुळे परदेशी जायचं म्हटलं की आपण पहिल्यांदा ओळखीचा माणूस गाठतो. मीही तेच केलं होतं. पुढे नऊ वर्षं शारजात विज्ञान शिकवलं. आता चिपळुणात असते, आणि मे महिन्यात दोन-चार मुलंमुली फाइल घेऊन घरी येतातच. सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून थकलेली, किंवा तासिका तत्त्वावर राबणारी. शिक्षणसेवक झालं तरी प्राथमिकला मानधन १६,००० रुपये, त्यामुळे बाहेर जावंसं वाटणं साहजिक आहे. ही मुलं शिकवतात चांगलं. त्यांची संधी जाते ती फाइलमधल्या कागदांपायी, आणि त्या ओळखीच्या माणसावर टाकलेल्या भरवशापायी.

नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड ही मुंबई विद्यापीठाची हद्द. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आईचं नाव आपल्या नावाला जोडलेलं नसतं. दहावीच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, पदवीवर दुसरं. आपल्याला हे किरकोळ वाटतं, कारण इथे माणूस समोर उभा असतो. तिथल्या कार्यालयात फक्त कागद उभे असतात, आणि ते दोन वेगळ्या व्यक्तींचे दिसतात.

लग्न झालेल्या मुलींचं तर हमखास अडतं. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा नियम नाही. पासपोर्ट अजून काढला नसेल, तर पदवीवर आहे तेच नाव ठेवा, पुढचा बराच त्रास वाचतो. बदलून झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि नावातला बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर भागेल असं धरून चालू नका. माझ्या पदवीवर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करायला मी कलिन्याच्या परीक्षा भवनाच्या चार खेपा घातल्या. प्रत्येक वेळी रात्रीच्या गाडीने जायचं, दुसऱ्या रात्री परत. ऑफर हातात आल्यावर हे करायला घेतलं असतं, तर शाळा माझ्यासाठी थांबली नसती.

शिक्क्यांचा क्रम चुकणं

पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पुढचं देशावर अवलंबून. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा हा एकच शिक्का करारातल्या देशांत चालतो. ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदी अरेबियाही त्यात आहेत, म्हणून तिथे अपोस्टिल चालतं. अमिरातीसाठी (दुबई, शारजा, अजमान) मात्र त्यांच्या दूतावासाचा शिक्का आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचा, अशा आणखी दोन पायऱ्या आहेत.

इथे एक आडवाट दाखवली जाते. राज्याची पडताळणी वगळून दिल्लीत उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का मारून देतात. काम लवकर होतं, पण शिक्षकाच्या पदासाठी तो शिक्का सगळीकडे चालत नाही. कोणती पडताळणी हवी, हे शाळेकडून ईमेलवर लेखी घ्या आणि मगच पैसे भरा. परराष्ट्र मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फतच घेतं. त्या संस्थांची नावं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, तिथूनच निवडा.

पदवी मुक्त विद्यापीठातून किंवा बहिःशाल झाली असेल तर ते लपवू नका. पडताळणीत शिक्षण कोणत्या पद्धतीने झालं हे विचारलं जातं. आधी सांगितलं तर शाळा मार्ग सुचवते. नंतर कळलं तर दार बंद.

आणि गावच्या पोलीस ठाण्यातून आणलेला चारित्र्याचा दाखला म्हणजे पी.सी.सी. (परदेशी जाताना लागणारा पोलीस पडताळणीचा दाखला) नव्हे. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून पासपोर्ट खात्याकडूनच घ्यायचा असतो.

ओळखीच्या माणसाला परवाना न विचारणं

माझ्या मावसभावाने ऐंशी हजार रुपये भरले. मध्यस्थ शेजारच्या वाडीतले, गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारे. त्यांना परवाना विचारायचा कसा, असं त्याला वाटलं. व्हिजिट व्हिसावर त्याला अजमानला पाठवलं, “तिथे गेलास की शाळा लगेच घेतील” असं सांगून. शाळांनी कागद मागितले, त्यावर एकही शिक्का नव्हता. दोन महिन्यांनी तो परत आला. पैसे आले नाहीत, आणि दोन घरांचं येणंजाणं तुटलं ते आजपर्यंत.

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालची नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आणि कुणाची नोंदणी संपली किंवा निलंबित झाली तेही तिथे दिसतं. एजंटला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जी.एस.टी. त्यापुढचा प्रत्येक रुपया बेकायदा आहे, आणि जे घ्यायचं त्याची पावती त्याने द्यायलाच हवी. अमिरातीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकाला मनाई आहे. म्हणजे शाळेच्या नावाने कुणी “व्हिसाचे पैसे” मागत असेल तर तिथेच थांबा.

नोंदणीचा नंबर विचारल्याने नातं बिघडत नाही. जो बरोबर आहे तो स्वतःहून दाखवतो. विचारायचा संकोच वाटत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला सांगा.

व्हिजिट व्हिसावर वर्गात उभं राहणं हा गुन्हा आहे, शाळेने सांगितलं तरीही. अमिरातीत व्हिसाची मुदत उलटली की दर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो.

एकाच देशाच्या चष्म्यातून सगळीकडे पाहणं

इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना क्यू.टी.एस. (तिथला पात्र शिक्षक) हा दर्जा मिळवण्याची वाट खुली केली. ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असणाऱ्यांसाठी आहे. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनी यासाठी कुणाला फी देऊ नये. शिवाय क्यू.टी.एस. म्हणजे नोकरीही नाही आणि व्हिसाही नाही. व्हिसा पुरस्कृत करण्याचा परवाना असलेली शाळा वेगळी शोधावी लागते, आणि अशा परवानाधारकांची यादी तिथलं सरकार उघड प्रसिद्ध करतं. त्यात शाळेचं नाव पाहा.

अमेरिकेचा जे-१ व्हिसा देवाणघेवाणीचा आहे. सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत, पुढे थोडी वाढ. त्यावर जाऊन तिथेच स्थायिक होण्याचा बेत आखू नका, कारण काहींना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते.

आणि महिनाभराचा ऑनलाइन टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स बी.एड.ची जागा घेत नाही. बी.एड. अर्धवट सोडून असा कोर्स करणारे मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

वेळ आणि डेमो

आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ब्रिटिश आणि अमेरिकन शाळांचं ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरला. जूनमध्ये अर्ज करून “उत्तर येत नाही” म्हणणारे पुष्कळ भेटतात. भारतीय शाळांसाठी डिसेंबरपर्यंत फाइल तयार हवी. डेमो, म्हणजे ऑनलाइन घ्यायचा नमुना धडा, पावसाळ्यात आला तर वाडीतल्या नेटवर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशीच शहरातल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. धडा पाठ करून म्हणू नका. मुलाखत घेणारे मध्येच मुलासारखा प्रश्न विचारतात आणि तुम्ही काय करता ते बघतात.

करार वाचताना

एकूण पगाराचा आकडा पाहून सही होते. मूळ पगार किती, ते पाहा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. भत्ते फुगवून मूळ पगार कमी दाखवला असेल तर शेवटी हातात थोडंच येतं. घर शाळा देणार की भत्ता, विमानाचं तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी, सुट्टीतल्या दोन महिन्यांचा पगार मिळणार का, हे लेखी हवं.

इथल्या शाळेचा राजीनामा मात्र नोकरीचा व्हिसा हाती आल्याशिवाय देऊ नका. आणि देण्याआधी अनुभवाचा दाखला घ्या, ज्यात विषय, इयत्ता, माध्यम, पूर्णवेळ की तासिकेवर, आणि रुजू झाल्यापासूनच्या तारखा असतील. राजीनामा दिल्यावर त्याच कागदासाठी संस्थेच्या दारात किती दिवस बसावं लागतं, ते मी स्वतः भोगलं आहे.